सातवं स्टूल

मागून आलेल्यासाठी आत सरकणे हाच मानवी संस्कृतीचा पाया होय. कानाझावाच्या जुन्या हिगाशी वस्तीत या पायाला मागचं दारही आहे, आणि ते बोळात उघडतं.

तिथल्या बिअरबारमध्ये स्टुलं सात, एका ओळीत. नवा माणूस पुढच्या दाराने आला की तो पहिल्या स्टुलावर, बाकीचे एकेक स्टूल आत, आणि सातवा नम्रपणे मागच्या दाराने बाहेर. त्याचं पिऊन झालेलं नसतंच. मग तो बोळाला वळसा घालून पुढच्या दारी येतो, "माफ करा हं" म्हणतो, आणि सगळे पुन्हा सरकतात.

त्या रविवारी दुपारी गिऱ्हाइकं आठ होती.

निवृत्त पोस्टमास्तर कुवाबारा फक्त युझू लिंबाच्या बिअरसाठी आले होते. मालक ती वर्षातून एकदाच करायचा, एकच पिंप. गेल्या वर्षी कुवाबारांना नेमकी सर्दी झाली होती. पहिल्या स्टुलावरून त्यांनी ती चार वेळा मागवली. पण मालक फेस बसेपर्यंत थांबायचा आणि मान वर न करता ग्लास पहिल्या स्टुलापुढे ठेवायचा. तोवर तिथे मागून आलेला औषधवाला असायचा. कुवाबारांच्या वाट्याला यायचा तो त्यांच्या आधी बसलेल्या त्सुताए आजींनी मागवलेला सातूचा चहा. ग्लास चुकला म्हणणं म्हणजे मालकाचा चारचौघांत अपमान. कुवाबारांनी चारही चहा "वा!" म्हणत घेतले.

"यंदा काय उतरलीय हो!" औषधवाला ओठ पुसत म्हणाला. "तुम्ही घेतली नाहीत?"

"घेतोय, घेतोय."

"आता एकच ग्लास उरलाय," मालकाने पिंपाला सांगितलं.

तेवढ्यात तोफूवाला आत आला. सातव्या स्टुलावरच्या आजी उठल्या. त्यांच्या जागी सरकता सरकता कुवाबारा कुजबुजले, "आजी, या खेपेला तुम्ही बिअर मागवा. मागोमाग मी येतोच."

"मला डॉक्टरांनी बंद केलीय."

"प्यायचीय कुठे? नुसती मागवायची."

"आणि माझा चहा?"

"तो मी पाजीन, जन्मभर!"

"माझ्या जन्मभर की तुमच्या?" असं म्हणत आजी बोळात गेल्या.

इकडे तोफूवाल्याने पहिल्या स्टुलावर बूड टेकलं आणि तो ओरडला, "अरे देवा, कढईखालचा गॅस!" आला तसा पुढच्या दाराने पळाला.

"माफ करा हं," म्हणत आजी आल्या. पहिलं स्टूल रिकामं होतं, त्यावर बसल्या. कोणी सरकलं नाही.

"युझूची बिअर," आजींनी ठरल्याप्रमाणे सांगितलं.

कुवाबारा सातव्या स्टुलाच्या कडेवर, एक पाय मागच्या दारात ठेवून बसले. कोणी न येताच उठणं म्हणजे बार आवडला नाही असं सांगणं. फेस बसला. ग्लास आला.

"कुवाबारा-सान, येताय ना?" आजींनी पाच माणसांपलीकडून विचारलं.

"येतो, येतो! कोणी आलं की लगेच!"

आजींनी थोडा वेळ वाट पाहिली. मग बिअर पिऊन टाकली.

"आंबट आहे जराशी," त्या म्हणाल्या.

स्टुलं सात होती, आणि आता माणसंही सातच.