डोंगराच्या वाट्याचा सुळा

मी एक जुना सुळा आहे. हत्तीचा नव्हे, रानडुकराचा. रंगाने पिवळट, धारेने तिखट आणि स्वभावाने वाईट. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की शेवटी सगळ्यांना क्षमा करून मोकळ्या होतात. माझ्याकडून तशी आशा ठेवू नका. तुम्ही माणसे एकमेकांवर दात धरता. मी तर स्वतःच दात आहे.

माझा जन्म बोसोच्या डोंगरात झाला. टोकियोच्या खाडीपलीकडे, चिबा प्रांताच्या दक्षिण भागात हे डोंगर आहेत. एका नर पिल्लाच्या खालच्या जबड्यातून उजवीकडे मी आणि डावीकडे माझा जुळा भाऊ असे आम्ही बाहेर आलो. आम्हाला कोणी कारागिराने घडवले नाही. ते पिल्लू म्हणजे आमचा धनी. तो तोंडाची उघडझाप करी तेव्हा वरचे दात आमच्यावर घासत आणि आम्हाला आयती धार लागे. आम्ही मुळे उकरली, बांबूचे कोवळे कोंब काढले, ओकच्या फळांसाठी पालापाचोळा उलथापालथा केला. भातशेतीची कुंपणेही पाडली, ते लपवण्यात अर्थ नाही. कामाचे दिवस होते आणि मी त्यात सुखी होतो.

त्याच डोंगरात हातानो नावाचा शिकारी होता. वयस्कर, कमी बोलणारा आणि नेमबाज. एका हिवाळ्यात त्याने धन्याच्या बहिणीला मारले. आम्ही वरच्या झुडपात दबून बसलो होतो, म्हणून पुढचे सगळे मला दिसले.

बंदुकीचा आवाज विरला, तसे कोणी हसले नाही की ओरडले नाही. हातानोने टोपी काढली. मेलेल्या जनावराच्या खांद्यावरचे चिमूटभर केस उपटून त्याने जवळच्या झाडाच्या सालीत खोचले आणि मान लववली. तोवर कोणी तोंड उघडायचे नाही, असा त्याच्या वडिलांपासूनचा नियम होता. मग काळजाचे बारीक तुकडे पानावर ठेवून त्याने ते डोंगराच्या देवीला दिले. त्याच्या टोळीत इशी नावाचा एक जाड माणूस होता. त्याची रीत त्याची स्वतःची होती. तो व्हेंडिंग मशीनमधून घेतलेला कॉफीचा डबा फोडायचा, पहिला घोट जमिनीवर ओतायचा आणि उरलेली स्वतः प्यायचा. देवीला गोड आवडते, असे तो म्हणे.

हातानोचीही स्वतःची अशी एक रीत होती. जनावर जिथे पडले तिथे तो त्याचा एक दात किंवा सुळा पुरायचा. कोणी विचारले तर सांगायचा, "पुन्हा जन्माला येईल तेव्हा उकरायला काहीतरी हवे ना त्याला."

खरे सांगू? मला तो आवडला होता. मारायचेच असेल तर असे मारावे, असे मला वाटले. म्हणूनच पुढे त्याने केले ते मला इतके झोंबले.

हातानोकडे कुरो नावाचा काळा कुत्रा होता. त्याने एकदा आम्हाला कड्यापाशी कोंडले आणि थेट धन्याच्या कानाला लोंबकळला. धन्याने मान झटकली आणि मी कुरोचे पोट फाडले. ते माझेच काम होते, नाही म्हणत नाही. तोही त्याचेच काम करत होता. हातानो धावत आला तोवर कुत्रा संपला होता आणि आम्ही ओढ्यापलीकडे गेलो होतो. मागून त्याचा रडण्याचा आवाज आला.

पुढच्या हिवाळ्यात त्याने दुसऱ्या कुठल्याच जनावरामागे पाय उचलला नाही. समोर आलेली हरणे सोडून दिली. त्याला फक्त धनी हवा होता आणि एका सकाळी तो त्याला मिळाला.

मी वाट पाहत होतो. टोपी निघेल, केस खोचले जातील. हातानोने टोपी काढली नाही. धन्याच्या मानेवर बूट ठेवून तो बराच वेळ उभा राहिला. इशीने सवयीने डबा फोडला, तेव्हा तो म्हणाला, "ओतू नकोस. याला काही मिळणार नाही." केस नाहीत, काळीज नाही, मान लववणे नाही. त्याने आम्हा दोघा भावांना उपटून काढले. माझ्या भावाला त्याने कचऱ्याच्या पिशवीत टाकले. त्या गावात जाळायचा कचरा सोमवारी नेतात. तो सोमवारी गेला.

त्या दिवशी टोळीबरोबर ओझी उचलायला एक परदेशी पाहुणा आला होता. तो अंबरीष. मुंबईच्या बँकेतून टोकियोला बदली होऊन आलेला, टोकियोशेजारच्या ग्योतोकुला राहणारा. ऑफिसातल्या कोणाच्या तरी ओळखीने हौसेखातर आलेला. हातानोने मला त्याच्या हातावर ठेवले आणि म्हटले, "शहरात घेऊन जा. जिथे डोंगर दिसत नाही तिथे ठेव."

अंबरीषला वाटले, भेट मिळाली. त्याने वाकून दोनदा आभार मानले. ती माझी हद्दपारी होती, हे फक्त मला आणि हातानोला ठाऊक होते. त्या क्षणी मी शपथ घेतली की या म्हाताऱ्याचे रक्त काढल्याशिवाय मी राहणार नाही.

ग्योतोकुच्या फ्लॅटमधून खरोखरच डोंगर दिसत नव्हता. समोर दुसऱ्या फ्लॅटच्या बाल्कन्या आणि त्यांत वाळणारे कपडे. अंबरीषने मला वर चांदीची टोपी बसवून घेतली. लहानपणी त्याच्या गळ्यात वाघनख होते, तसे लेकीच्या, ज्ञानदाच्या, गळ्यात मला घालायचा त्याचा बेत होता.

त्याची बायको विभा तिथल्याच पाळणाघरात नोकरी करायची, त्यामुळे तिला जपानी चांगली येई. ती म्हणाली, "पोरीच्या गळ्यात मेलेल्याचा दात? अजिबात नाही."

"अगं, आपल्याकडे घालतातच की."

"आपल्याकडे निदान कोणाचा आहे ते विचारून तरी घेतात."

मी शोकेसमध्ये गेलो, चहाच्या न वापरलेल्या कपांशेजारी.

तिथे माझा खरा छळ झाला. पाहुणे आले की अंबरीष मला हातात घ्यायचा. आधी म्हणायचा, "आम्ही मारलं." वर्षभरात त्याचे "मी मारलं" झाले. डुक्कर दर पाहुण्यागणिक वाढत गेले, इतके की त्याला ती शोकेस पुरली नसती. मित्रांनो, धन्याला मारणाऱ्याचा मी द्वेष करत होतो, पण तो माझा वैरी तरी होता. ज्याने बंदूक हातातही धरली नाही, त्याच्या फुशारकीसाठी धूळ खात राहायचे, याहून मोठा अपमान नव्हता.

मग काही वर्षांनी एका रविवारी दाराची बेल वाजली. अंबरीषचे मित्र शशांक आणि उत्तरा चहाला आले होते आणि अंबरीषची गोष्ट ऐन रंगात होती. विभाने दार उघडले. दारात हातानो होता, ऑफिसातल्या त्याच ओळखीतून पत्ता काढून आलेला. खूपच म्हातारा झालेला, हातात लाल कडधान्याच्या गोड पुरणाच्या मिठाईचा खोका. त्याने बूट नीट जुळवून ठेवले, आत येऊन गुडघे टेकले आणि माझ्याकडे एकदाच पाहिले. मला वाटले, बरा सापडला.

तो जपानीत बोलत गेला आणि विभा पाहुण्यांसाठी मराठीत सांगत गेली. "ते म्हणतायत, त्यांनी बंदूक पोलिसांकडे जमा केली. आता शिकार बंद. आयुष्यभर जेवढी जनावरं मारली, त्या सगळ्यांचं नीट केलं. एकाचंच राहिलं." मग नवऱ्याकडे न बघता पुढे म्हणाली, "आणि म्हणतायत, ते डुक्कर त्यांनी मारलं होतं. रागात मारलं, म्हणून काहीच केलं नाही."

शशांक चहात बघू लागला. अंबरीषच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. त्याच्यावरचा माझा सूड तिथे पुरा झाला आणि मला तो अत्यंत गोड लागला.

"त्यांना तो परत हवाय," विभा म्हणाली.

"पण आपण त्याला चांदी लावलीय," अंबरीष पुटपुटला.

"चांदी काढून ठेवतील ते. दे."

अंबरीषने शोकेस उघडली. मला देताना त्याने दोन्ही हात पुढे केले आणि मान खाली घातली. एवढे त्याने बरोबर केले.

दुसऱ्या दिवशी हातानो मला घेऊन डोंगर चढला. दर चार पावलांवर तो धापा टाकत थांबत होता. धनी पडला होता त्या जागी बसून त्याने चाकूने माझी चांदीची टोपी उचकटली. चाकू निसटला, मी सरकलो आणि माझ्या धारेने त्याचा अंगठा खोलवर कापला. इतकी वर्षे मी याच क्षणासाठी जागा होतो. रक्त माझ्यावरून पालापाचोळ्यात गळू लागले.

त्याने अंगठा पाहिला, मग मला पाहिले. "अजून धार आहे तुला," तो म्हणाला. त्याने रक्त पुसले नाही.

मग त्याने डोक्यावरची टोपी काढली. केस खोचायचे होते, पण धन्याचा एकही केस आता कुठे उरला नव्हता. त्याने स्वतःच्या डोक्यावरचे चार पांढरे केस उपटले, झाडाच्या सालीत खोचले आणि मान लववली.

"मी तुला माफ केलेले नाही," तो म्हणाला. "कुरो चांगला कुत्रा होता. पण डोंगराचे ते डोंगराला."

मीही त्याला माफ केलेले नाही. माझा भाऊ कचऱ्यात गेला, ते मी कसे विसरू? पण मित्रांनो, त्याने हातांनी खड्डा करून मला आत ठेवले, तेव्हा पुन्हा चावावे असे मला वाटले नाही. मी चावून जे घेणार होतो, ते त्याने आपणहून डोक्यावरचे केस उपटून झाडाला दिले होते.

आता मी मातीत आहे आणि टोकाला ओल लागते आहे. तुमच्या घरात कोणाचे शिंग, नख किंवा दात शोभेला ठेवले असेल, तर निदान ते कोणाचे होते आणि कोणी मारले एवढे खरे सांगत जा. वैऱ्यावर खुशाल राग धरा. पण त्याच्यासाठी जे करायचे असते ते करून मग धरा; नाहीतर म्हातारपणी डोंगर चढावा लागतो.