जेबेझचा पाय

मी जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. बसलाच, तर या गुत्त्यात मी पुन्हा तोंड उघडणार नाही. शनिवारी संध्याकाळी मी अशीच सुरुवात केली आणि गुत्त्यात बिअर वाढणाऱ्या थर्झाला म्हटलं, तो बिअरचा जग ठेव पोरी खाली, तुझ्या बापाचीच गोष्ट आहे.

बाप गेला तेव्हा थर्झा चार वर्षांची होती. जेबेझ आमच्यासारखाच धारवाला. नदीकाठच्या दगडी चाकांवर वाकून शेफिल्डच्या सुऱ्यांना धार लावायची, दगडाची भुकटी छातीत भरून घ्यायची आणि पस्तिशीच्या आत खोकत खोकत मरायचं, हा आमचा धंदा. मी सत्तरी गाठली ती निव्वळ आळसाच्या जोरावर.

जेबेझची छाती बत्तिसाव्या वर्षीच गेली. समोरची मेणबत्ती त्याला फुंकरीनं विझवता येईना. जिना चढायचा तर बायको त्याला पाठुंगळी घ्यायची. टेकडीवरच्या इस्पितळात गेलो तर जगेन, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. पण वर्गणी देणाऱ्या एखाद्या साहेबाची चिठ्ठी असल्याशिवाय तिथं आजाऱ्याला दार उघडत नसे. आमचा मालक क्रॉशॉसाहेब, त्याच्याकडे वर्षाला दोन चिठ्ठ्या. एक त्यानं स्वयंपाकिणीच्या तळपायाच्या कुरुपाला दिली, दुसरी गाडीवानाच्या गळवाला. जेबेझ दारात जाऊन उभा राहिला, तर साहेब म्हणाला की छातीवाले मरतात आणि इस्पितळाचा बऱ्या झालेल्यांचा आकडा खराब करतात. तू इथं पायरीवरही फार वेळ थांबू नकोस.

चिठ्ठीशिवाय आत जायची एकच वाट होती, ती अपघाताची. हाड मोडून आलेल्याला फाटक केव्हाही उघडं. ही युक्ती जेबेझला मीच सांगितली. एकदा पलंगावर पडलास की डॉक्टर छातीही बघेलच, म्हटलं. त्याची बायको रडली, पण पाय ठेवायला स्टूल तिनंच आणून दिलं.

आता ऐका, मी म्हणालो. जेबेझनं बूट काढला, पाय स्टुलावर ठेवला, दोन्ही हातांनी घण डोक्यावर नेला आणि एका घावात नडगीचे दोन तुकडे केले. हूं नाही की चूं नाही. असा आवाज झाला की पलीकडच्या चर्चचं घड्याळ बंद पडलं, ते अजून सव्वातीनलाच आहे.

लेमुएल हा कोपऱ्यात बसणारा शंकेखोर. ते घड्याळ आज सकाळी चालू होतं, मी पाहिलं, म्हणाला. मी म्हटलं, तू पाहिलंस ते दुरुस्त केलेलं.

तर जेबेझला दाराच्या फळीवर घालून आम्ही टेकडी चढलो. इस्पितळानं पाय असा सांधला की लांबलांबचे विद्यार्थी तो बघायला यायचे. जेबेझ रोज डॉक्टरला सदरा उघडून दाखवायचा. डॉक्टर फार सभ्य माणूस. त्यानं हसून विचारलं, "पाय अपघातात आला. छाती कुठल्या चिठ्ठीवर आली?"

सहा आठवड्यांनी त्याला इस्पितळाच्या समितीपुढं उभा केला. घरी जाताना हात जोडून आभार मानायचे, असा नियमच होता. जेबेझच्या तोंडातून खोकल्याशिवाय काही निघेना. त्यांनी खोकल्यालाच आभार धरलं आणि वहीत लिहिलं: बरा. पायऱ्या उतरता उतरता तो मेला. मरण आतलं ठरू नये म्हणून दरवानानं बुटाच्या टोकानं त्याला फाटकाबाहेर ढकललं. आणि इथं खरी गंमत आहे. पाय इतका पक्का सांधला होता की मेलेल्या जेबेझला ओढत तो घराच्या दिशेनं आणखी तीन पावलं चालला.

सगळे खो खो हसले. लेमुएलच्या नाकातून बिअर आली. थर्झा तेवढी फडकं हातात घेऊन उभी होती.

"पाय तीन पावलं चालला, ते मानते मी, एनॉककाका," ती म्हणाली. "पण घणाचं खोटं सांगताय. ज्याला मेणबत्ती विझवता येत नव्हती, तो घण डोक्यावर नेईल? आणि आई सांगायची, घाव दोन पडले. पहिला नडगी चुकून गुडघ्यावर लागला, कारण मारणारा पिऊन आला होता. माझ्या बापानं नाही मारला तो. कोणी मारला, काका?"