दोन खरी, एक खोटं

बायको आंघोळीला गेली आणि मिस्त्रीने तिचा फोन उचलला. फोन उघडायचा आकडा त्याला ठाऊक होता. लग्नानंतर तो त्याने मागूनच घेतला होता. पडद्यावर तिच्या इंग्रजीच्या वर्गाची भिंत होती. भिंत म्हणजे विटांची नव्हे, फोनमधलीच, रंगीत चौकोनांची. वर्गातली मंडळी त्या चौकोनांत रोज काहीबाही लिहून ठेवायची. बायकोच्या पिवळ्या चौकोनात आज तीन वाक्यं होती.

पंपदुरुस्ती करणाऱ्या मिस्त्रीचं स्वतःचं इंग्रजी पंपाच्या खोक्यावरच संपायचं. पण पंपांच्या नवीन मोटारींबरोबर येणारी माहितीपुस्तकं वाचता यावीत म्हणून त्याने आपल्या फोनवर एक अ‍ॅप घेऊन ठेवलं होतं. कॅमेरा धरला की इंग्रजीचं मराठी व्हायचं. त्याने तो बायकोच्या फोनवर धरला.

‘माझा भाऊ माझ्याशी बोलत नाही. मला गाडी चालवता येते. घर सोडून जायला मी एकदा बॅग भरली होती.’

मिस्त्रीने तिन्ही वाक्यं दोनदा वाचली. आतलं पाणी बंद झालं, तसा त्याने फोन होता तसा ठेवला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला.

स्वभावाने तो संशयी होता, आणि त्यात काही वावगं आहे असं त्याला कधी वाटलं नव्हतं. पंप जळाला की मालक छातीठोकपणे सांगतो, कालपर्यंत अगदी छान चालत होता. त्याच्या शब्दावर विसंबून राहणारा मिस्त्री उपाशी मरेल. धंद्यात कामाला आलेली ही खोड त्याने घरीही आणली होती, एवढंच. बायको दवाखान्याच्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालायची. थोडं इंग्रजी बोलता आलं तर पुढच्या काउंटरवर बसवतो, असं तिला साहेबांनी सांगितलं होतं, म्हणून ती संध्याकाळी वर्गाला जाऊ लागली. तेव्हापासून मिस्त्रीला घर परकं वाटत होतं. बाईंनी सांगितलं म्हणून तिने दारावर, आरशावर, कपाटावर इंग्रजी चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. एक मिस्त्रीच्या खुर्चीवरही होती. तिच्यावर ‘खुर्ची’च लिहिलंय ना, याची खात्रीही त्याने कॅमेरा धरून करून घेतली होती.

दुपारी तो हातात पाना घेऊन वर्गाच्या दारात हजर झाला.

“पंपाचा आवाज येतो म्हणे तुमच्या,” तो बाईंना म्हणाला.

वर्गाच्या बाई टेबलावर रिकामे डबे आणि खेळातल्या नोटा मांडत होत्या. संध्याकाळी अर्धा वर्ग दुकानदार होणार होता आणि अर्धा गिऱ्हाईक.

“आमचा? चांगला चाललाय की.”

“बघून घेतो. बघायला काय जातंय?”

त्याने दाराबाहेरच्या कोपऱ्यातल्या पाण्याच्या पंपाचा एक नट सैल केला, तोच परत आवळला. मग खाली बघतच विचारलं, “ते भिंतीवर तीन-तीन वाक्यं लिहून घेता, ते काय असतं?”

“तो खेळ आहे. प्रत्येकाने स्वतःबद्दल तीन गोष्टी लिहायच्या. दोन खरी, एक खोटं. बाकीच्यांनी प्रश्न विचारून खोटं कुठलं ते ओळखायचं.”

“म्हणजे पैसे घेऊन खोटं बोलायला शिकवता.”

बाई हसल्या. “बोलायला शिकवते. नुसते धडे वाचून कुणी तोंड उघडत नाही हो. समोरच्याचं खोटं पकडायचं म्हटलं, की अगदी लाजरीबुजरी माणसंही बोलायला लागतात.”

“मग आमच्या घरच्यांचं खोटं कुठलं?”

“ते मलाही सोमवारीच कळणार. वर्गाने मात्र भिंतीवर मतं दिलीत. बहुतेकांना गाडीचं खोटं वाटतंय.”

मिस्त्री जिना उतरला तो हिशोब मांडतच. भावाचं वाक्य तर सोळा आणे खरं होतं. मेहुण्याशी भांडण खुद्द मिस्त्रीनेच केलं होतं, पुन्हा या दारात पाऊल टाकू नकोस, असं त्याच्या तोंडावर सांगून. त्यानंतर तो फिरकला नव्हता. म्हणजे उरली दोन. गाडी चालवता येणं खोटं असेल, तर बॅग खरी. बॅग खोटी हवी असेल, तर बायकोला गाडी चालवता यायला हवी.

आणि मिस्त्रीने तिला आपल्या गाडीच्या स्टेअरिंगला कधी हातसुद्धा लावू दिला नव्हता. गिअर खराब होतील म्हणायचा. खरी भीती गिअरची नव्हतीच. चालवायला आली तर ही कुठे कुठे जाईल, ही होती. आता तोच मनातल्या मनात हात जोडून म्हणत होता, हिला गाडी येऊ दे. चोरून शिकलेली असू दे, कुणाकडूनही शिकलेली असू दे, पण येऊ दे.

रविवारी सकाळी त्याने मनगटाला रुमाल गुंडाळला.

“हात दुखतोय,” तो म्हणाला. “पंपाच्या मोटारीचा एक भाग आणायला जायचंय. गाडी तू घेतेस का?”

बायकोने आधी रुमालाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. तिने ओले हात पुसले आणि खिळ्यावरची किल्ली काढली.

तिने सीट पुढे ओढली, आरसा आपल्या बेताने फिरवला आणि गाडी सुरू केली. मिस्त्री नव्या मोटारीची चाचणी घ्यावी तसा कान देऊन बसला होता. क्लच अलगद सुटला. दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या अरुंद गल्लीतून तिने कुठे खरचटू न देता गाडी बाहेर काढली. मागच्या खोक्यातले पानेसुद्धा वाजले नाहीत.

मिस्त्रीचा जीव भांड्यात पडला. बॅग खोटी होती. त्याला एकदम मोकळं वाटलं, थोडा अभिमानही वाटला. वर्गातल्या शहाण्यांना तिने चांगलंच बनवलं होतं.

“छान चालवतेस की,” तो म्हणाला. “लायसन्स?”

“आहे. लाँड्रीतल्या कपाटात ठेवलंय.”

“आणि शिकवलं कुणी?”

“दादाने.”

मिस्त्रीला वाटलं, आपल्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली. “तो तर बोलत नाही तुझ्याशी.”

“तुमच्याशी बोलत नाही,” ती समोर बघत म्हणाली. “लाँड्रीच्या गाठोड्यांची ने-आण त्याचाच टेम्पो करतो. जेवणाच्या सुट्टीत मागच्या आवारात शिकवायचा.”

दवाखान्याच्या पुढच्या फाटकासमोर मिस्त्री कितीदा तरी जाऊन उभा राहिला होता. बायको वेळेवर आत जाते का, कुणाबरोबर बाहेर येते, हे बघायला. मागेही एक आवार असेल हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

गाडी चौकातून वळली आणि त्याचा हिशोबही गरकन फिरला. तीनांतलं एकच खोटं. गाडी खरी. भाऊ बोलत नाही, हेच खोटं.

“तुम्ही भिंत वाचलीत ना?” तिने विचारलं. “तुम्ही वाचता ते मला कळतं. फोन कधीच जागच्या जागी नसतो.”

त्याने मनगटाचा रुमाल सोडला. मग विचारलं, “बॅग कधी भरली होतीस?”

“तुम्ही फाटकाशी येऊन उभे राहायचात तेव्हा. बरोबरीच्या बायका मला खिडकीतून दाखवायच्या. फार लाज वाटायची मला.”

“मला नाही दिसली बॅग.”

“पलंगाखाली होती. पुष्कळ दिवस होती.”

बायकोच्या पर्सचे कप्पेसुद्धा तपासणाऱ्या माणसाला पलंगाखालची भरलेली बॅग दिसली नव्हती. तो रोज त्या बॅगेवरच झोपत होता.

“मग गेली का नाहीस?”

“काय सांगू? थंडी पडली, त्यातला स्वेटर काढला. कुणाकडे जायचं होतं, बरे कपडे काढले. टॉवेल जुने झाले म्हणून टॉवेल काढले. लागेल तसं काढत गेले आणि एक दिवस रिकामी झाली.”

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मिस्त्रीला उत्तर देता आलं असतं. त्याला भीती वाटली, आणि आपण या बाईला ओळखत नाही याची लाज वाटली.

“सोमवारी वर्गात हे सगळं सांगणार?”

“विचारलं तर सांगावंच लागेल. इंग्रजीत सांगायचं म्हणून पाठ करतेय.”

गाडी मोठ्या रस्त्याला लागली. दुकानाकडे जायचं वळण मागे गेलं, ते त्याने तिला सांगितलं नाही. तिने वेग वाढवला. मिस्त्रीचा उजवा पाय खालच्या पत्र्यावर घट्ट दाबलेला होता.

“तिथे ब्रेक नाहीये,” ती म्हणाली.

“माहीत आहे,” तो म्हणाला. पण पाय त्याला उचलता आला नाही.