भिंतीवरचा चमचा आणि ऑक्टोबरमधलं लग्न

मित्रांनो, मी एक जुना लाकडी चमचा आहे. चमचा म्हटल्यावर तुम्ही मला लगेच आमटीत बुडवायला निघाल, म्हणून आधीच सांगतो, मी चांगला तुमच्या कमरेपर्यंत येईन एवढा उंच आहे आणि माझा जन्म भिंतीवर टांगून घेण्यासाठी झाला आहे. शेजारी माझ्याच उंचीचा काटा टांगलेला असतो. आम्हा फिलिपिनो लोकांच्या घरात जेवणाच्या टेबलाजवळच्या भिंतीवर अशी जोडी हवीच. ती असली की घरात अन्न कमी पडत नाही, असं मानतात.

फिलिपिन्समधल्या पाएते गावातल्या एका कारागिराने आम्हा दोघांना एकाच ओंडक्यातून कोरलं. माझ्या दांड्यावर त्याने नारळाचं झाड काढलं आणि काट्याच्या दांड्यावर म्हैस. आम्हाला विकत घेणाऱ्या हर्मिनियाबाई तेव्हा नुकत्याच विधवा झाल्या होत्या आणि दोन लहान मुलींना घेऊन अमेरिकेला निघाल्या होत्या. विमानतळावर सामान जड भरलं, तेव्हा त्यांनी स्वतःचे बूट काढून टाकले, पण आम्हाला सोडलं नाही. तेव्हापासून आम्ही डेली सिटीतल्या या घरात आहोत. घरात सगळे बाईंना नानाय म्हणतात, म्हणजे आई. मीही तेच म्हणतो.

सुरुवातीला माझं केवढं कौतुक होतं म्हणून सांगू! येणारा पाहुणा आधी माझ्याखाली उभा राहून फोटो काढायचा. मग सुक्या मासळीच्या फोडण्या बसत गेल्या, माझ्यावर तेलकट धूळ चढली आणि कुणी वर बघेनासं झालं. वृद्धाश्रमातल्या नोकरीवरून नानाय थकून यायच्या, त्यांना तरी काय बोलणार? मी मुकाट्याने टेबलावरचं बोलणं ऐकत राहिलो. या घरातलं मला सगळं ठाऊक आहे, अशी माझी पक्की समजूत होती. ती कशी धुळीला मिळाली, ते आता ऐका.

थोरली मारिविक दातांच्या दवाखान्यात कामाला लागली. धाकट्या ग्लेंडाचं लग्न जूनमध्ये चर्चमध्ये थाटात झालं. थोरलीचं ठरलं होतं रोडेलशी. तो शिकायला इकडे आलेला, गरीब स्वभावाचा, हसरा मुलगा. पण नानायनी सक्त ताकीद दिली, "या वर्षी नाही. एका वर्षात दोन बहिणींची लग्नं म्हणजे सुकोब. एकीचं नशीब दुसरीला खातं." म्हणून मारिविकचं लग्न पुढच्या जानेवारीत झालं. आख्खं डुक्कर भाजलं, नानाय नाच नाच नाचल्या.

त्याआधीच्या डिसेंबरमध्ये मात्र ग्लेंडाच्या पोटातलं बाळ गेलं. नानाय या टेबलावर डोकं टेकून रडत होत्या. "आपण तर कुठलीच रीत मोडली नाही, मग असं कसं झालं?" असं पुन्हा पुन्हा विचारत होत्या. मारिविक मोरीपाशी पाठमोरी उभी होती. एकच ताटली ती घासत बसली होती. मला वाटलं, बहिणीच्या दुःखानं.

दोन वर्षांनी रोडेलच्या ग्रीन कार्डची मुलाखत आली. नवराबायको खरोखर नवराबायको आहेत का, हे तिथले साहेब विचारून विचारून बघतात. उत्तरं जुळली नाहीत तर रोडेलला परत जावं लागणार होतं. घरभर नुसती पळापळ. दोघांच्या नावाची बिलं, फोटोंचे ढीग, एकमेकांना प्रश्न विचारणं. मंगळवारी मुलाखत, तर रविवारी सकाळी नानायच साहेब होऊन बसल्या. अंगात जुना कोट, नाकावर चष्मा.

"नाव?"

"नानाय, नाव तुम्हाला ठाऊक आहे की."

"नानाय कोण? मी साहेब आहे! नाव सांगा."

"रोडेल बकानी, साहेब."

"बायकोच्या ब्रशचा रंग?"

"जांभळा."

"रात्री घोरतं कोण?"

"तुमची मुलगी, साहेब."

"खोटारडा! माझी मुलगी घोरत नाही. नापास! चालता हो मनिलाला!"

हसून हसून मारिविकच्या डोळ्यांत पाणी आलं. नानायनी तोंड पुसलं आणि पुढचा प्रश्न टाकला, "लग्न कधी झालं?"

"चौदा ऑक्टोबर," रोडेल म्हणाला.

"आठ जानेवारी," मारिविक म्हणाली. दोघं एकाच वेळी बोलले.

मित्रांनो, मला वाटलं मीच चुकीचं ऐकलं. नानाय तर हसल्याच. "अरे गाढवा, स्वतःच्या लग्नाची तारीख विसरलास? जानेवारीत डुकराचा कान कुणी खाल्ला मग?"

कुणीच हसलं नाही. नानायनी चष्मा काढला. "कुठला ऑक्टोबर?"

"ग्लेंडाच्या लग्नाच्या वर्षातला, नानाय," रोडेल खाली मान घालून म्हणाला. "माझी इथं राहायची परवानगी संपत आली होती. कचेरीत जाऊन सह्या केल्या. कुणालाच सांगितलं नाही. आता वकीलबाई म्हणतात, साहेबांसमोर दोघांनीही खरी तारीखच सांगायची."

अहो, ज्या जानेवारीत मी हार घालून मिरवलो होतो, ते यांचं दुसरं लग्न!

"ग्लेंडाच्या वर्षात," नानाय पुटपुटल्या. "आणि डिसेंबरमध्ये तिचं बाळ..."

मारिविक ताडकन उठली. "मला कळत नाही असं वाटतं तुला? रोज तेच तर मनात येतं! मीच खाल्लं तिचं बाळ. म्हणून माझ्या तोंडातून ऑक्टोबर हा शब्द निघत नाही. साहेबांसमोरही निघायचा नाही."

"नाही निघाला तर मला विमानात बसवतील गं," रोडेल म्हणाला.

नानाय खोलीत गेल्या आणि त्यांनी दार असं आपटलं की भिंत हादरली. माझा खिळा निसटला आणि मी धाडकन जमिनीवर. आमच्यात काटा पडला तर पुरुष पाहुणा येतो आणि चमचा पडला तर बाई. एवढ्या संतापातही आतून नानायचा आवाज आला, "चमचा पडला ना? बघा, कोण बाई येतेय!"

दारात ग्लेंडा उभी होती. दर रविवारी चर्चहून ती इकडेच येते, पण त्या दिवशीचं श्रेय मी घेतो. हातात तांदळाच्या केकचा डबा. "काय झालं? कोण गेलं?" ती घाबरून म्हणाली.

मारिविक माझ्याशेजारी फरशीवरच बसली आणि तिने बहिणीला सगळं सांगून टाकलं. ग्लेंडाचा चेहरा पांढराफटक पडला. आता ही हिचं तोंडही बघणार नाही, असं मला वाटलं. पण ग्लेंडा म्हणाली, "ताई, तुझं ऑक्टोबरचं ना? माझं त्याच्या आधीच्या वर्षातलं आहे. नोव्हेंबरचं."

"काय?" हा शब्द तिघांच्या तोंडून निघाला. तिसऱ्या नानाय, दार उघडून बाहेर आलेल्या.

"माझ्या पोटात गाठ होती, नानाय. ऑपरेशनला माझ्याकडे विमा नव्हता, माझ्या होणाऱ्या नवऱ्याच्या नोकरीत होता. लग्नाचा दाखला दिला की बायकोलाही मिळतो. म्हणून आम्ही कचेरीत जाऊन लग्न केलं. गाठीचं सांगितलं असतं तर तू हाय खाल्ली असतीस."

नानायनी ग्लेंडाकडे बोट रोखलं. "म्हणजे जूनमध्ये मी चर्चमध्ये ढसाढसा रडले, ती कुणाच्या लग्नात?"

"माझ्याच. पण दुसऱ्यांदा."

"देवा रे देवा! या घरात एक तरी लग्न खरं झालंय का?"

मला तर गरगरायला लागलं. एवढी वर्षं मी डोळे उघडे ठेवून टांगलेला, आणि मला कणभर पत्ता नाही! मग रोडेल हळूच म्हणाला, "नानाय, कचेरीतली लग्नं धरा किंवा चर्चमधली. एका वर्षात दोन येतच नाहीत."

नानायनी बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. मग बसक्या आवाजात विचारलं, "मग बाळ का गेलं?"

"डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते, कधीकधी होतं असं, कुणाचाच दोष नसतो," ग्लेंडा म्हणाली. "मी सांगत होते. पण तू एवढी रडत होतीस की तुला ऐकूच येत नव्हतं."

नानाय गुडघे धरत फरशीवर बसल्या. मारिविकचं डोकं त्यांनी मांडीवर ओढून घेतलं. "दोन वर्षं हे एकटीनं वाहिलंस होय गं?" एवढंच म्हणाल्या. मारिविक लहान मुलीसारखी हुंदके देऊन रडली.

मंगळवारी दोघं मुलाखतीला गेली. नानाय बाहेरच्या बाकावर जपमाळ घेऊन बसल्या होत्या म्हणे. संध्याकाळी सगळं टेबलावर सांगितलं गेलं. ब्रशचा रंग कुणी विचारलाच नाही! साहेबांनी विचारलं, "लग्नाला घरचं कोण कोण होतं?" मारिविक म्हणाली, "चौदा ऑक्टोबरला कुणीच नव्हतं." आणि तिने का नव्हतं ते पहिल्यापासून सांगितलं. साहेबांनी रोडेलकडे वळून विचारलं, "सासूबाईंना हे कधी कळलं?"

"परवा, साहेब."

"परवा?" साहेबांच्या हातातलं पेन तसंच राहिलं. मग त्यांनी दोघांकडे बघितलं आणि सांगितलं, कार्ड टपालानं घरी येईल.

नानायनी देवाचे आभार मानले आणि एकदम विचारलं, "त्या दिवशी कचेरीतून निघाल्यावर जेवलात काय?"

"बसथांब्यावर एक चॉकलेट," रोडेल म्हणाला. "अर्धं अर्धं."

मित्रांनो, सगळ्या धक्क्यांत नानायना बसलेला हा धक्का सगळ्यात मोठा. "लग्नाच्या दिवशी पान्सितसुद्धा नाही? लांब शेवया नाही खाल्ल्या तर आयुष्य लांबायचं कसं?" त्यांनी ग्लेंडाला फोन लावला. "आणि गं तू, तू नोव्हेंबरमध्ये काय खाल्लंस?" पलीकडून उत्तर आलं, दवाखान्यातली जेली. नानायनी कपाळावर हात मारला, एप्रन बांधला आणि भलीमोठी कढई चुलीवर चढवली. जेवणं झाल्यावर त्यांनी ओल्या फडक्याने मला पुसलं आणि रोडेलने नव्या खिळ्यावर परत टांगलं.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. भिंतीवरच्या जुन्या वस्तूंवरची धूळ अधूनमधून झटका. आणि घरातल्या माणसांच्या ब्रशचा रंग माहीत नसला तरी चालेल, पण कुणी पाठमोरं उभं राहून एकच ताटली घासत असेल तर जवळ जाऊन विचारा, काय झालंय. मारिविकला ते दोन वर्षांत आमच्या घरात कुणीही विचारलं नव्हतं.