वरीलप्रमाणे

चुडामण क्लार्कने रजिस्टर गिरधरकडे फिरवलं आणि एका रकान्यावर पेन्सिलीचं टोक टेकवलं.

"हे अक्षर तुमचंच ना, गिरधरभाऊ?"

गिरधरने त्या ओळीखाली बोट ठेवलं. वाचताना शब्दांखालून बोट सरकवत न्यायची त्याला चौथीपासूनची सवय. शाळा सुटली, सवय काही सुटली नाही. बोट बारा वाजताच्या नोंदीवरून गेलं. तापमान बेचाळीस. गॅस, अर्धी नळी. त्याखाली साडेबारा, वरीलप्रमाणे. एक, वरीलप्रमाणे. दीड, वरीलप्रमाणे. दोन, वरीलप्रमाणे. अक्षर मोठं सुबक होतं. 'व'चा गोल तर असा, की शाळेत फळ्यावर काढून दाखवावा.

"माझंच."

"आणि हे?"

अडीच वाजताची नोंद वाकड्यातिकड्या अक्षरात होती. तापमान सत्तावन्न. गॅस, नळी भरून वाहते. त्याखाली पान कोरं.

"हे भटूचं," गिरधर म्हणाला.

टेबलाच्या पलीकडे राजपूत साहेबांनी चष्मा काढून पुसला. ते कारखान्याचे मॅनेजर. कारखाना ट्रॅक्टरच्या बॅटऱ्यांचा, जळगावच्या औद्योगिक वसाहतीत मागच्या अंगाला. गिरधर आणि भटू तिथल्या टेस्टिंग खोलीत पाळीपाळीने काम करायचे. काम तसं सोपं. तयार मालातली एक बॅटरी उचलायची, तिला मुद्दाम जास्त चार्ज करायचं, आणि ती किती तापते, किती गॅस सोडते ते दर अर्ध्या तासाने रजिस्टरात लिहायचं. तापमान पाहायला थर्मामीटर, गॅस मोजायला पाण्यात उलटी उभी केलेली काचेची नळी. पन्नासच्या वर पारा गेला की करंट बंद करायचा, हा नियम भिंतीवर लाल रंगात लिहिलेला होता. हा गॅस ठिणगीने पेट घेतो, म्हणून तो बाहेर ओढायला छताशी पंखा होता. तो तीन आठवडे दुरुस्तीला गेला होता, हे मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं.

"म्हणजे बघा," साहेब म्हणाले, "दोन वाजेपर्यंत बेचाळीस. अर्ध्या तासात सत्तावन्न. असं आपोआप होतं का? भटूने करंट कमी करण्याऐवजी वाढवला. बटण उलटं फिरवलं. माणूस आहे, चुकला. आम्हाला काय आनंद होतो का त्याचे डोळे गेल्याचा?"

 त्या दिवशी दोन वाजता काय झालं हे जगात एकालाच ठाऊक होतं, आणि तो एक म्हणजे गिरधर.

मे महिना होता. खोलीत आम्लाची वाफ अशी भरली होती की श्वास घेतला की घसा सोलून निघे. साडेबाराला गिरधर दारापर्यंत गेला आणि तिथूनच परतला. बाहेर निंबाखाली बसला. रजिस्टर दाराबाहेरच्या फळीवर असायचं, त्यामुळे लिहायला आत जावं लागत नसे. आधीची अकरा वर्षं असंच चाललं होतं. बॅटऱ्या चांगल्या निघायच्या, साहेब न वाचता सही करायचे. खोटं म्हणावं तर कोणाचं वाईट झालं नव्हतं, आणि ज्याचं वाईट झालं नाही त्याला आपल्याकडे खोटं म्हणत नाहीत.

भटू तसा नव्हता. तो गिरधरच्याच गावचा, पारोळ्याकडचा. गिरधरनेच त्याला कामाला लावला होता. तो दर अर्ध्या तासाला नाकाला उपरणं बांधून आत जायचा आणि दिसेल तोच आकडा लिहायचा. वर गिरधरला चिडवायचा.

"भाऊ, तुमन्या बॅटरीले कधी तापच येत नही. माले तशी बॅटरी द्या ना एखादी!"

बाकीचे हसायचे. गिरधरही हसायचा, पण त्याला ते लागायचं.

त्या दिवशी दोन वाजता, पाळी बदलायच्या आधी, गिरधर एकदाचा आत गेला. पारा चोपन्नवर होता. बॅटरीला हात लावला तर चटका बसला. तो पेन घेऊन फळीपाशी उभा राहिला. चोपन्न लिहिलं तर वरचे तीन 'वरीलप्रमाणे' ओरडून सांगणार की हा माणूस निंबाखाली बसला होता. भटू येईल, स्वतः पाहील, करंट बंद करील, असा विचार करून त्याने चौथ्यांदा तोच शब्द लिहिला. भटू समोरून सायकल ढकलत आला, तेव्हा त्याला नुसतं सांगायचं होतं की आत जरा गरम आहे. तेवढंही त्याने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर भटूने पुन्हा बॅटरीच्या तापाची चेष्टा केली असती.

भटूने तरीही सगळं नियमाप्रमाणे केलं होतं. अडीच वाजता आत गेला, आकडा पाहिला, बाहेर येऊन लिहिला, आणि करंट बंद करायला पुन्हा आत गेला. खटका ओढताना ठिणगी पडली. खोली गॅसने भरली होती.

"तुमचा जबाब सांगा, गिरधरभाऊ," चुडामणने कागद पुढे ओढला. "साहेबांचा झाला आहे."

गिरधरने टोपी काढून मांडीवर ठेवली. दवाखान्यात भटूच्या तोंडावर बांधलेली पट्टी त्याने पाहिली होती. प्रमिलाबाईने, भटूच्या बायकोने, त्याला एवढंच विचारलं होतं की कारखान्यात ह्यांची चूक निघाली नाही तर पॅकिंगमध्ये मला घेतील ना. तशी पद्धत होती. कामावर माणूस निकामी झाला तर घरच्या बाईला पॅकिंगमध्ये घ्यायचे. चूक त्याचीच निघाली तर काही नाही.

"मी सांगतो," गिरधर म्हणाला, आणि त्याचं त्यालाच नवल वाटलं, कारण आवाज निघाला. "साहेब, दोन वाजता चोपन्न होतं. मी पाहिलं. बेचाळीस बाराचं होतं. मधलं मी पाहिलंच नाही, बाहेर बसलो होतो. त्या दिवशी दुपारी सावलीत पंचेचाळीस होतं, साहेब, पेपरात आलं होतं. चार्जिंगला लावलेली बॅटरी सावलीपेक्षा थंड कशी राहील? जळगावचं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. आणि पंखा नव्हता. भटूने बटण उलटं फिरवलं नाही. त्याने बंदच केलं."

 टेबलावरचा पंखा मात्र चालू होता. साहेबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि अगदी मायेने म्हणाले,

"गिरधर, अकरा वर्षांची रजिस्टरं आहेत कपाटात. सगळ्यांत तुझं अक्षर. एक पान खोटं म्हणालास तर बाकीची कोण खरी मानेल? त्या बॅटऱ्या विकल्या गेल्यात. मग तू राहणार नाहीस, मी राहणार नाही, कारखानाही राहणार नाही. एका डोळ्यापायी दोनशे माणसं."

"दोन डोळे, साहेब."

"एक येईल म्हणालेत डॉक्टर." साहेब उठले. "चुडामण, लिहून घ्या यांचं. विचार करून सही करू दे. जबरदस्ती नाही."

साहेब गेले. चुडामणने लिहिलं. फार वेळ लागला नाही. मग त्याने कागद गिरधरसमोर सरकवला आणि खिडकीबाहेर पाहत बसला. तो वाईट माणूस नव्हता. त्यालाही दोन मुली होत्या.

वर साहेबांचा जबाब होता, अर्धं पान भरून. दोन वाजेपर्यंत तापमान नियमात. कामगार भटू याने निष्काळजीपणे करंट वाढविला. त्याखाली क्रमांक दोन, गिरधर, टेस्टिंग विभाग. आणि पुढे एकच शब्द.

वरीलप्रमाणे.

गिरधरने तो वाचला. बोट त्या शब्दाखालून एकदा गेलं, परत आलं, पुन्हा गेलं. सांगायचं ते आपण सांगितलं, असं त्याच्या मनात आलं. मोठ्याने सांगितलं, साहेबाच्या तोंडावर सांगितलं, सगळ्यांनी ऐकलं. लिहायचं काम चुडामणचं. असा विचार सुचायला माणूस फार हुशार लागत नाही, भ्यालेला असला की पुरतो. त्याने सही केली. सहीसुद्धा सुबक आली.

"पिंप्राळ्यालाच राहता ना तुम्ही?" चुडामण कागद घडी करत म्हणाला. "मग हा भटूला वाचून दाखवा आणि खाली त्याची सही आणा. 'वरील जबाब वाचून दाखविले, मान्य आहेत.' तेवढं झालं की फाइल बंद."

भटूची खोली पिंप्राळ्यात, गिरधरच्या खोलीपासून दोन गल्ल्यांवर. गिरधर सायकल हातात धरून चालतच गेला. ऊन उतरलं होतं, तरी पत्रे तापलेलेच होते. दारात भटूचा कामावरचा शर्ट वाळत घातला होता. आम्लाने खाल्लेल्या भोकांतून पलीकडची भिंत दिसत होती.

भटू खाटेवर बसला होता. दोन्ही डोळ्यांवर कापूस आणि पट्टी. पावलांवरूनच त्याने ओळखलं.

"या भाऊ. बसा. व्हयनी का चौकशी?"

"व्हयनी." गिरधर स्टुलावर बसला. घरात आलं की त्याची जीभ आपोआप गावाकडे वळायची. "कागद आनेल शे. वाची दाखाडस. मंग सही करनी शे तुले."

प्रमिलाबाईने पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि खाटेच्या पायाशी उभी राहिली. तिला अक्षर येत नव्हतं. पण कागदावर आपलं काय ठरलंय हे तिला कळायचं होतं, म्हणून ती कागदाकडेच बघत होती.

गिरधरने साहेबांचा जबाब वाचला. ओळीओळीखालून बोट सरकत गेलं. 'निष्काळजीपणे' या शब्दाला ते अडखळलं, पण पुढे गेलं. भटू मान खाली घालून ऐकत होता.

"मी बटन उलटं फिरावं?" तो म्हणाला. "भाऊ, मी बंद करं. मना हातले आजून याद शे."

"माले माहीत शे."

"मंग तुमनं वाचा आते. तुम्ही काय सांगं?"

बोट खाली आलं. क्रमांक दोनवरून, नावावरून, त्या एका शब्दाखाली येऊन थांबलं. गिरधरने तांब्यातलं पाणी घेतलं. मग तो वाचू लागला.

"मी गिरधर, टेस्टिंग विभाग, असा जबाब देतो की, दोन वाजता तापमान चोपन्न होते. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. रजिस्टरात मी बेचाळीसप्रमाणे लिहिले, ते खोटे आहे. मधल्या वेळी मी खोलीत गेलोच नाही. पंखा तीन आठवडे नव्हता. भटूने करंट वाढविला नाही, त्याने बंद केला. तो एकटाच खरे लिहीत होता. चूक माझी आहे."

इतकं सरळ, इतकं भरभर त्याने आयुष्यात कधी वाचलं नव्हतं. कुठे तो अडखळला नाही की थांबला नाही. वाचता वाचता त्याला खरंच वाटायला लागलं की हे सगळं तिथे लिहिलेलं आहे.

 भटूने हात पुढे केला, हवेत चाचपत गिरधरचा गुडघा शोधला आणि त्यावर ठेवला.

"भाऊ, माफ करा माले. बठ्ठा जन म्हनेत, गिरधर आपली नोकरी वाचाडी. मीबी तसंच समजनू. आते तुमनं काय व्हयी?"

"मनं दखी लिऊ."

"द्या, कोठे सही करू? मना हात धरीसन जागावर ठेवा."

गिरधरने खिशातलं पेन उघडून त्याच्या बोटांत दिलं. 'मान्य आहेत' या शब्दांपुढे रिकामी जागा होती. त्याने भटूचं मनगट धरलं. मनगटावर नवी गुलाबी कातडी आली होती, आणि ती अजून गरम लागत होती.

तेवढ्यात कागदावर दुसरा हात पडला. प्रमिलाबाईने आपला पंजा त्या रिकाम्या जागेवर पालथा ठेवला होता. ती भटूकडे पाहत नव्हती. गिरधरकडेही नाही. ती पाहत होती त्याच्या दुसऱ्या हाताच्या बोटाकडे, जे अजून त्या एका शब्दाखालीच होतं.

"भाऊ," ती हळूच म्हणाली, "साहेबनं वाचं तवय तुमनं बोट पार खालपावत गयं. तुमनं वाचं, तं ते हालनंच नही."