तिसरं पाणी

तेरा वर्षांपूर्वी आलेल्या एका पत्राला मास्तरांनी उत्तर दिलं नव्हतं. दिलं नव्हतं म्हणजे लिहिलं नव्हतं असं नाही. निदान पंधरा वेळा लिहिलं असेल. एकदा मायना फार कोरडा वाटला, एकदा फार गोड. एकदा सगळं मनासारखं उतरलं, तर अक्षर थरथरलेलं दिसलं. ते आपण मुद्दाम तर थरथरवलं नाही ना, अशी शंका आली आणि तोही कागद फाटला. टाळायचंच असलं की माणसाला शुद्धलेखनाचं निमित्तसुद्धा पुरतं.

पत्र थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचं होतं.

'मेव्हणे, तुम्ही गप्प का बसलात हे मी विचारत नाही. नोकरी गेली ती गेली. पण तुमच्या बहिणीला वाटतं, चूक माझी आणि मी ती तुमच्यावर ढकलतो. तिच्या लेखी तुमचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तिला एवढंच लिहा, की तिसरं पाणी देऊ नका असं तुम्ही सांगितलं होतं. बाकी कोणाला नाही कळलं तरी चालेल.'

मास्तर काही खरे मास्तर नव्हेत. ते सुगंधी अर्काच्या कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळायचे. जेवणाच्या सुट्टीतही डोकं पुस्तकात, म्हणून कामगारांनी हे नाव पाडलं. भाऊजी त्याच कारखान्यात टाक्यांवर होते. मास्तरांना तिथे चिकटवलं तेही त्यांनीच. "आमच्या मेव्हण्यांना तोंड नाही, पण नाक आहे," असं मालकाला सांगून.

कारखाना तंबाखूच्या फुलांचा अर्क काढायचा. परक्याला सांगितलं की तो आधी हसायचा. तंबाखूला फूल येतं हेच पुष्कळांच्या गावी नसतं. शेतकऱ्याचा मतलब पानाशी. फुलात झाडाचा जोर जातो, म्हणून तो शेंडे खुडून बांधावर फेकून देतो. कारखान्याने तेच फेकलेलं उचललं. गुलाबी, लांब नळीची फुलं. भर दुपारी हुंगाल तर गवत बरं. ऊन कललं की मात्र त्यांना कंठ फुटायचा: थोडा मध, थोडं वाळलेलं गवत, थोडं नवं कातडं. म्हणून खुडणी संध्याकाळची. बायका फुलाखालची हिरवी, चिकट वाटी नखाने काढून टाकत. त्यांची बोटं काळी पडत आणि कितीही घासली तरी आठवडाभर तशीच राहत. मग फुलं टाकीतल्या जाळ्यांवर पसरायची, द्रावकात भिजवायची, ते द्रावक मंद आचेवर उडवून लावायचं. खाली हिरवट मेण उरायचं. ते मद्यार्कात घोळून, गारठवून, गाळून अखेर हाती यायचा तो काळसर, दाट अर्क. पोतंभर फुलांमागे चमचाभर.

पण फूल झालं तरी तंबाखूचंच. पानातलं विष त्याच्यातही थोडं उतरायचं. ते काढायला माल सौम्य आम्लाच्या पाण्याने घुसळायचा, म्हणजे विष पाण्यात जायचं आणि वास मागे राहायचा. असं तीनदा. कामगार त्याला पहिलं पाणी, दुसरं पाणी, तिसरं पाणी म्हणत. तिसऱ्या पाण्यात मास्तरांनी तपासणीचा थेंब टाकायचा. पाणी गढूळलं नाही तर माल पुढे सोडायचा. दर पाण्यापुढे वहीत मास्तरांची सही, म्हणजे ते द्यायचा हुकूम.

मास्तरांचं दुखणं असं, की हे तिसरं पाणी विषाबरोबर वासातली संध्याकाळही धुऊन न्यायचं. वर्षभर त्यांनी हे कोणाला सांगितलं नाही. आपलंच नाक चुकत असेल, असं त्यांना वाटे. मग एका मोठ्या गिऱ्हाइकाने माल मागवला, आणि जन्मात एकदाच मास्तरांना स्वतःचा भरवसा वाटला. टाकीपाशी जाऊन ते म्हणाले, "भाऊजी, या खेपेला तिसरं पाणी नको."

"थेंब टाकून बघितलात?"

"दुसऱ्यातच जवळजवळ नितळ आहे."

"जवळजवळ म्हणजे? अमक्याचं जवळजवळ लग्न झालं, असं म्हणतं का कोणी?" भाऊजी हसले. "बरं बाबा. नाक तुमचं, हात आमचे."

मास्तरांना एक खोड होती. पुढे निवांत वाचता यावं म्हणून ते सकाळी आल्या आल्या तिन्ही पाण्यांच्या रकान्यांत सही करून ठेवायचे. सहा वर्षं तसंच चाललं होतं आणि सहा वर्षांत काही बिघडलं नव्हतं. त्या दिवशीही सही झालेली होती. खोडायची राहून गेली.

शेजारच्या खोलीत दोघीजणी तो अर्क कुप्यांत भरायला बसल्या. हातमोजे नव्हते, कारण धुतलेल्या अर्काला ते लागत नसत. दुपारपर्यंत एकीला दरदरून घाम आणि ओकाऱ्या, दुसरी स्टुलावरून खाली. दवाखान्यात नेलं. दोघी वाचल्या, पण एकीच्या हातांना कंप राहिला तो राहिलाच.

मालकाने वही उघडली. "सही तीन पाण्यांची आहे. म्हणजे मास्तरांनी सांगितलं होतं. मग दिलं का नाही?"

हा प्रश्न भाऊजींना होता. भाऊजींनी मास्तरांकडे पाहिलं. टाकीचा काटा खाली येण्याची वाट बघावी, तशी ते शांतपणे वाट बघत राहिले. मास्तरांच्या तोंडात वाक्य तयार होतं. जरा नीट करून बोलावं म्हणून त्यांनी ते मनात पुन्हा एकदा फिरवलं, आणि तेवढ्यात मालक भाऊजींना म्हणाला, "उद्यापासून येऊ नका."

मास्तर पुढे त्याच कारखान्यातून निवृत्त झाले. जाताना त्यांना घड्याळ मिळालं.

भाऊजी एका धुलाईघरात लागले, हॉटेलांच्या चादरी धुवायला. त्यांनी बायकोला खरं काय ते सांगून पाहिलं. पण आई गेल्यावर ताईने स्वतःची शाळा सोडून या भावाला शिकवलं होतं. तो खोटा निघाला असता तर तिची शाळाच फुकट गेली असती. ती नवऱ्याला म्हणायची, "तिथे तरी तीनदा धुता ना? की तेही माझ्या भावाने नको सांगितलंय?" मास्तरांनी हे स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं आणि ताटातला घास चावत राहिले होते.

गेल्या आठवड्यात ताईचा फोन आला. "ये एकदा. ह्यांना आता दिसेनासं झालंय. तुझी आठवण काढतात."

मास्तर गेले. तिसरा मजला, दोन खोल्या, आतच बांधलेली कपड्यांची दोरी. खिडकीशी खुर्चीत भाऊजी बसले होते.

"मेव्हणे आले वाटतं. जुन्या पुस्तकांचा वास आला."

"बस रे," ताई म्हणाली. "किती वाळलास! पुस्तकांना लागायची ती वाळवी तुलाच लागली की काय?" तिने चहा पुढे केला आणि आपणही बसली. "तुला एक सांगायचं होतं. ह्यांनी कबूल केलं."

"काय?"

"काय म्हणजे? तेच. तिसरं पाणी. गेल्या थंडीत आजारी होते ना, तेव्हा एक दिवस आपणहून म्हणाले, मीच विसरलो. हे आधी म्हणाले असते तर माझी जीभ बारा वर्षं झिजली असती का? पण जाऊ दे. मी माफ केलं. आता घरात कशी शांतता आहे बघ."

"ताई, ते तसं नव्हतं—"

"तू नको आता मोठेपणा दाखवू. पहिल्यापासून तू गप्प राहिलास, ह्यांचं झाकलंस. मला काय कळत नाही?"

दूध संपलं म्हणून ताई पिशवी घेऊन खाली गेली. चपलांचा आवाज लांब गेल्यावर ते हळूच म्हणाले, "भाऊजी, तुम्ही तिच्यासाठी म्हणालात ना? भांडण मिटावं म्हणून?"

"छे हो. आधी मलाही वाटायचं, तुम्हीच सांगितलंत. पण मग बसल्या बसल्या एकेक आठवत गेलं. तिसऱ्या पाण्याचा कॅन मी उचलला होता. कोणीतरी हाक मारली, म्हणून दाराशी ठेवला आणि विसरलो. निळ्या झाकणाचा कॅन. तुम्ही समोर बसलात ते दिसत नाही, पण तो दिसतो."

"मी टाकीपाशी आलो होतो, भाऊजी."

"आला असाल. तुम्ही यायचातच. आणि त्या दोघी दिसतात. एक स्टुलावरून पडते. रोज पडते हो, मेव्हणे. उठवायला जातो तर हात पोचत नाही." भाऊजी खुर्चीत पुढे सरकले. "तुमची मात्र घरात नाहक बदनामी केली. माफ करा." त्यांनी हात जोडले, जरा चुकीच्या दिशेला, कपड्यांच्या दोरीकडे.

कारखान्यात निळ्या झाकणाचे कॅन कधी नव्हतेच. धुलाईघरात असतील, साबणाच्या पाण्याचे.

मास्तर तेव्हा बोलले असते. निदान तसं त्यांना अजून वाटतं. पण जिन्यावर चपला वाजल्या, ताई दूध घेऊन आली, आणि मास्तर "येतो" म्हणून उठले.

घरी आल्यावर दोन दिवस ते स्वतःशी वाद घालत राहिले. आता सांगून कोणाचं भलं? ताईला बारा वर्षांनी शांतता मिळाली, ती मोडायची. पत्र भाऊजींच्या नावे घातलं तरी वाचून दाखवणार तीच, मायन्यापासून सहीपर्यंत, मोठ्याने. आणि साऱ्या जगात मास्तरांना चांगलं म्हणणारं तेवढं एकच माणूस उरलेलं. शिवाय आपल्यालाच चुकीचं आठवत नसेल कशावरून? ही शंका नेहमीची, सोयीची. ते तिच्या आडोशाला जाऊन बसलेही. पण निळ्या झाकणाने तिथून उठवलं. आणि तो आंधळा माणूस खिडकीशी बसून रोज त्या दोघींना उचलायला जात होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी लिहिलं. मायना सुधारला नाही.

'भाऊजी, तिसरं पाणी देऊ नका असं मी सांगितलं. थेंब टाकून बघितला का, असं तुम्ही विचारलंत. मी बघितला नव्हता, खोटं बोललो. वहीतली सही सकाळीच केलेली होती. चौकशीत गप्प बसलो ते तुमचं झाकायला नव्हे, माझं झाकायला. तुम्ही कॅन विसरला नाहीत. तसा कॅन तिथे नव्हता. त्या दोघी माझ्यामुळे पडल्या. ताई, हे तू वाचते आहेस. गाळलं असशील तर पुन्हा पहिल्यापासून वाच.'

खाली त्यांनी सही केली आणि पोस्टात गेले. खिडकीपलीकडच्या बाईंनी पाकीट वजनावर ठेवलं.

"उद्या पोचेल का?"

"परवा. घाई आहे का, आजोबा?"

"हो," मास्तर म्हणाले.

बाईंनी शिक्का मारला आणि पाकीट मागच्या थैलीत टाकलं.