पांढऱ्या पट्टीपाशी

सलग सातव्या सकाळी पट्टी कोरी निघाली, तेव्हा प्रेमदास ती पुन्हा एका टोकापासून पाहू लागला.

खडकाळ जमिनीवर पाऊल उमटत नाही. म्हणून वाटेवर आडवी, चार हात रुंद, मऊ मातीची पट्टी पसरायची. संध्याकाळी फळीनं ती सपाट करायची आणि सकाळी येऊन वाचायची. कोण आलं, किती आले, घाईत होते की निवांत, सगळं मातीत सापडतं. हिंगणीच्या पलीकडच्या जंगलात वनमजूर म्हणून प्रेमदास वीस वर्षं हेच वाचत आला होता. यंदा मात्र त्याच्या वाचण्यावर फार काही अवलंबून होतं. टेकडीपलीकडच्या गिट्टीखदानीला वाढीव जमीन हवी होती आणि जंगलाभोवतीचा राखीव पट्टा नव्यानं आखला जात होता. जनावरं या वाटेनं डोहावर जातात असं कागदावर आलं, तर वाट पट्ट्यात येणार आणि खदान पलीकडेच थांबणार. मोजणीच्या सात दिवसांत पट्टी कोरी राहिली, तर वाट खदानीची.

"आज बी काई नाई?" मयुरीनं विचारलं. ती या भागाची वनरक्षक, नोकरीला दोन वर्षं झालेली. नोंदीचा कागद तिच्या हातात होता.

"नाई."

"मंग लिहू का शून्य? काकाजी, तुमचे सांबर संपावर गेले काय?"

प्रेमदास हसला नाही. गेल्या वर्षी इथंच सांबर, चितळ, रानडुकरं आणि एकदा बछड्यासह वाघीण उमटली होती. डोहात अजून पाणी होतं आणि कोसभर दुसरीकडे कुठंच नव्हतं.

एकच गोष्ट यंदा वेगळी होती. दरवर्षी तो बैलगाडीच्या वाटेवरचा फुफाटा पोत्यांत भरून आणायचा आणि चाळायचा. यंदा खदानीचे हिरालालसेठ आपणहून म्हणाले होते, "काऊन कंबर मोडून राह्यला, प्रेमदास? आमची चुरी घेऊन जाय. मैदा हाय नुसता." चुरी म्हणजे दगड भरडताना क्रशरखाली साचणारी पांढरी भुकटी. प्रेमदासनं तिच्यावर बोट टेकवून पाहिलं, तर बोटावरच्या रेषासुद्धा उमटल्या. हातानं काम करणाऱ्याला चांगलं साधन मिळालं की तो पुढचं विचारत नाही. त्यानं ट्रॉली उतरवून घेतली.

"आजचा कागद राहू दे," तो मयुरीला म्हणाला. "मी बसतो इथं."

वारा पाहून तो करवंदीच्या जाळीआड बसला. दुपारी एकला खदानीत सुरुंग उडतात, त्याआधी भोंगा होतो. पण भोंग्याच्याही आधी काहीतरी झालं. वानरं गप्प झाली. होला घुमायचा थांबला. रातकिडेसुद्धा, कुणी दार लावून घ्यावं तसे, एकदम बंद. त्या शांततेत प्रेमदासला स्वतःच्या कानातलं रक्त ऐकू येत होतं. मग भोंगा वाजला, जमीन मांडीखाली हलली आणि थोड्या वेळानं झाडांवरून पांढरी धूळ आवाज न करता खाली आली. पानं पांढरी झाली. त्याच्या हाताचे केस पांढरे झाले.

दिवस कलला तशी चितळं आली. दहा-बारा होती. पट्टीपाशी येऊन थांबली. पुढचं पाऊल उचललेलं, तसंच हवेत. कुणी बिचकलं नाही, कुणी हुंगलं नाही. पलीकडे पाणी चमकत होतं, तिकडे बघत नुसती उभी राहिली. त्यांच्या मागून एक सांबर आला, तोही उभा. बऱ्याच वेळानं सगळी वळली आणि आली तशी गेली. मध्ये भिंत असल्यासारखी.

पांढरं म्हणजे सुरुंग, एवढं ती शिकली होती. आणि ते पांढरं प्रेमदासनं आपल्या हातानं त्यांच्या वाटेत पसरलं होतं.

अंधार पडायच्या आत त्यानं चुरीच्या अलीकडे दोन पोती फुफाटा टाकला. सकाळी मयुरी आली आणि पट्टीपाशी खाली वाकली. फुफाट्यात खुरांवर खूर होते. चितळ, सांबर, डुकरं, आणि त्यात रुंद, गोल पंजे. सगळे चुरीच्या कडेपर्यंत आलेले, नखं जवळजवळ रेघेला टेकलेली. पुढं एकही नाही.

"काकाजी," ती हळू म्हणाली, "हे काल रात्री सगळे एकाच जागी उभे होते?"

"एकामागून एक आले असतील."

"वाघ बी?"

प्रेमदासनं पंजाच्या ठशावर वीत टेकवून पाहिली.

रेंजर साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. "पट्टी ओलांडलेलेच ठसे धरतात, प्रेमदास. नियम आहे. फेरमोजणी मागता येईल, पण कारण लिहावं लागेल. खदानीचा माल तुम्ही वापरला, हे तुमच्या नावावर जाईल. पुढच्या वर्षी कामावर घेतील की नाही, मी सांगू शकत नाही."

"लिहा ना साहेब. माह्यीच चूक हाय."

त्यानं सही केली. आणखी सात दिवस मिळाले.

दोघांनी चुरी खरवडून काढली, जमीन पाण्यानं धुतली आणि फुफाटा पसरला. पण दुसऱ्या दिवशीही ठसे तिथंच थांबले होते. पांढरं आता कुठंच नव्हतं. तरी जुन्या रेघेच्या कडेला खूर ओळीनं लागलेले, पुढची माती गुळगुळीत. तिसऱ्या दिवशी तेच. सहाव्या दिवशीही तेच.

त्या संध्याकाळी मयुरीनं पिशवीतून काहीतरी काढलं. हापिसात शिकवण्यासाठी ठेवलेला वाघाच्या पंजाचा प्लास्टरचा साचा होता.

"चार वेळा दाबला की झालं. वाघ येतेच ना इथं? खोटं थोडीच हाय?"

"ठेव ते."

"जंगल जाईल, काकाजी."

"सात दिवस माह्या हातून खोटं निघालं, पण मले ठाऊक नव्हतं. आता ठाऊक असून करू? उद्या तू वाचशील तवा तुले तरी खरं वाटल का, बाई?"

तिनं साचा पिशवीत टाकला, फळी उचलली आणि पट्टी सपाट करू लागली.

सातव्या सकाळी कडेला नेहमीची ओळ होती. पण त्या ओळीतून जोडखुरांची एक बारीक रांग निघाली होती, एकेक खूर बोटाच्या पेराएवढा. चार-पाच दिवसांचं पाडस असावं. त्यानं सुरुंग फारसे ऐकलेच नव्हते. ते सरळ चालत पलीकडे गेलं होतं. मागून त्याच्या आईचे ठसे होते, खोल रुतलेले, तिनं झेप घेतल्यासारखे. बाकीचे सगळे कडेलाच उभे राहिले होते.

"ठसे आढळले," मयुरी लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणाली. "चितळ, दोन. झालं काकाजी, वाट वाचली."

प्रेमदास खाली बसून पट्टीच्या दुसऱ्या कडेला हात फिरवत होता. मग त्यानं पहिली कडा पाहिली, मग पुन्हा दुसरी. डोहाला मागून खदानीचा कडा होता. यायला-जायला वाट हीच.

"काय झालं?"

"गेल्याचे हायेत," तो म्हणाला. "परतल्याचे नाई."

मयुरीनं कागद उलटा करून पाहिला. त्यासाठी रकाना नव्हता.

"कागद घेऊन तू हापिसात जाय. अन् रस्त्यात खदानीवर थांबजो. म्हणा, आज एकचा सुरुंग लावू नका."

"ऐकतील ते?"

"सांगून तर पाहाय."

ती गेली. भोंग्याला अजून पाच तास होते. प्रेमदास पट्टीच्या अलीकडे, जिथं बाकीचे उभे राहिले होते तिथंच, पलीकडे तोंड करून बसला.